कालवांची रेघ

ग्वारीघाटावर पाण्याच्या अगदी कडेला निळ्या पट्ट्यांची रबरी चप्पल दिसली की लोक समजायचे, पुंडलिक भोयर आंघोळीला आलेत. बाकीचे आपल्या चपला वर कोरड्यात ठेवत. काकाजी मात्र पाणी जिथे पायरीला शिवतं तिथून एक वीत सोडून ठेवायचे, टाचा नदीकडे करून. वरच्या अंगाला धरण झाल्यापासून नर्मदामाईचा स्वभाव बदलला होता. इकडे लख्ख ऊन पडलेलं असायचं, तिकडे पाणी सोडलेलं असायचं, आणि काही तासांनी घाटाच्या पायऱ्या एकेक करून नाहीशा व्हायच्या. भोंगा वाजतो. पण वारा उलटा असला की ऐकू येत नाही.

“चप्पल भिजली!” काकाजींची हाक आली की पोहणारी पोरं, कपडे आपटणाऱ्या बाया, दिवे सोडणारे, सगळे मुकाट वर. हुज्जत नाही.

ते आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत, रांझीला. फॅक्टरीत लेथवर होते. गाव मूळचं वर्ध्याकडचं, पण जन्म जबलपूरचा. तेवीस वर्षांत अकरा जणांना त्यांनी नर्मदेतून जिवंत काढलं होतं. त्यातले दोन तर दर दिवाळीला मिठाईचा डबा घेऊन यायचे. काकाजी डबा आमच्याकडे पाठवायचे आणि म्हणायचे, “मी काय केलं? धारेशी भांडायचं नाही, तिरपं पोहायचं. काठ आपणच येतो.”

बारावा मात्र आला नाही. तो शशिकांत, फॅक्टरीत त्यांच्याच शॉपमधला, शेजारच्या लेथवरचा. चप्पल भिजली होती, हाक झाली होती, सगळे वर आले होते. शशिकांत खालच्या पायरीवर विसरलेलं घड्याळ घ्यायला परत उतरला. काकाजी त्याच्यामागून गेले आणि एकटेच वर आले.

त्या दिवसापासून दोन वर्षं काकाजी पाण्यात उतरले नाहीत. नर्मदा जयंतीलासुद्धा घरी बादलीने आंघोळ. चप्पल पलंगाखाली गेली. जेवायला बसले की भाताच्या ढिगाकडे बघत राहायचे आणि भामाकाकू म्हणायची, “अहो, तो भात आहे. तुमच्याशी बोलणार नाही.”

भामाकाकू म्हणजे सत्यभामा. ठेंगणी, जाड, गुडघ्यांनी कुरकुरणारी, जिभेने अजिबात न कुरकुरणारी. पोहता येत नाही. तीस वर्षं घाटावर जाऊन ती कधी गुडघाभर पाण्याच्या खाली उतरली नव्हती. तिला एकच हवं होतं. हा माणूस परत पाण्याशी बोलायला लागला पाहिजे.

“फॅक्टरीची प्रवासाची एलटीसी वाया जाऊन राहिली,” एक दिवस ती म्हणाली. मी तिच्याकडे वाटीभर बेसन मागायला गेले होते.

“जाऊ दे.”

“समुद्र पाहायचा मला.”

“पाणीच?”

“ते काही तुमचं पाणी नाही. तिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही. कोणी विचारणार नाही.”

काकूने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला आणि वाटीत बेसन जरा जास्तच घातलं.

नागपूरहून काकूच्या भावाचा फोन आला, बाबारावांचा. तिला पाण्याजवळ कशाला नेता म्हणून. काकाजींनी फोनवर एकच वाक्य सांगितलं: “नेतो तशी आणतो.” दोन वर्षांत त्यांनी कशाचीही हमी घेतली नव्हती. काकूने ते वाक्य मला तीनदा सांगितलं.

पुढचं सगळं मला काकूकडूनच कळलेलं आहे. काही लगेच कळलं, काही खूप उशिरा.

गावाचं नाव माडबंदर. दादरला उतरून रात्रभर एसटी, मग सकाळी टेम्पो. पौष महिना होता. फिरायला येणारे लोक आणखी पुढच्या गावाला जात, इथे कोणी थांबत नसे. अनसूयाबाई म्हणून एक विधवा होती, तिने घराच्या दोन खोल्या भाड्याने द्यायला काढल्या होत्या. दुपारी बारा वाजता अख्ख्या गावात माणूस दिसत नसे. जाळी वाळत पडलेली, कुत्री सावलीत, आणि होड्या कोरड्या वाळूवर कलंडून पडलेल्या, व्यायलेल्या म्हशींसारख्या. समुद्र घरापासून शंभर पावलांवर होता आणि त्याचा आवाज थांबत नव्हता.

“नदी बोलते,” काकाजी पहिल्या संध्याकाळी म्हणाले. “हा नुसता श्वास घेऊन राहिला.”

दुसऱ्या सकाळी ते धावतच खोलीत आले.

“भामा! पाणी गेलं!”

“कुठे गेलं?”

“आता काय सांगू कुठे गेलं! काल त्या भिंतीला लागून होतं. आज बघ, तिकडे आहे. रात्री कोणी गेट उघडलं का?”

चूल पेटवता पेटवता अनसूयाबाई हसली. “जातं तसं येतं हो. घड्याळ लावून येतं. पण रोज वेळ पुढे सरकते. त्या कातळावर जायचं तर मला विचारून जा.”

कातळ म्हणजे किनाऱ्यापासून आत असलेला एक मोठा काळा खडक. पाणी उतरलं की घोटाभर पाण्यातून तिथवर चालत जाता येई. काकाजींनी अनसूयाबाईला मान डोलावली आणि अंगणात आल्यावर काकूला म्हणाले, “पाण्याचं लोक मला विचारतात. मी कोणाला विचारू?”

काकूने तेव्हाच त्यांना टोकायला हवं होतं. पण दोन वर्षांनी तो आवाज परत आला होता, जरा फुगलेला, जरा घाटावरचा. तिला तो इतका गोड लागला की ती बोललीच नाही.

तिने जबलपूरहून एक तांब्याचा गडू आणला होता. तोंडाला लाख लावून बंद केलेलं नर्मदेचं पाणी. आमच्याकडे समुद्राला जाणारी माणसं नेतात कधी कधी. माई शेवटी तिकडेच जाते, मग तिचं घोटभर पाणी आपल्या हातानेही पोचवावं, म्हणून. आता हे कुठेही ओतता आलं असतं. किनाऱ्यावर उभं राहून, लाटेत, दोन मिनिटांत. पण घाटावरच्या माणसाला ते पटत नाही. कडेच्या पाण्यात फुलं कुजतात, साबणाचा फेस असतो. वाहायचं ते मधल्या धारेत.

“कडेला कोणी वाहतं का?” काकाजी म्हणाले. “कातळावर जाऊ. ती झाली मधली धार.”

तिसऱ्या दिवशी अष्टमी होती. अनसूयाबाई बाजाराला गेलेली. अकरा वाजता दोघं निघाले, छत्री, गडू आणि पुरी-भाजीचा डबा घेऊन. ओसरीवर बसून कालवं फोडणाऱ्या तिच्या जावेने हाक मारली, “चपला घालून जा हो! त्या कातळाला कालवं आहेत, पाय कापतात!” शिंपल्यांची ती पांढरी धारदार कवचं काकूने आदल्या दिवशीच पाहिली होती. कालवांबद्दल त्या गावात तिला कोणी काही सांगितलं असेल तर ते एवढंच.

कातळ माणसाहून उंच होता. किनाऱ्याच्या बाजूने पायऱ्यांसारखी खाच होती, तिथून काकूला काकाजींनी ढकलून वर चढवलं. माथ्यावर दोन पाट मांडता येतील एवढी सपाट जागा. खाली चहूबाजूंनी कालवांचा पांढरा पट्टा, माथ्यापासून हातभर खाली येऊन थांबलेला, कोणी चुन्याने रेघ मारावी तसा. समुद्राच्या बाजूला, बऱ्याच खाली एक कपार होती आणि तिच्यापुढे दूरवर ओली वाळू.

“पाणी तर पार तिकडे आहे,” काकू म्हणाली. “ओतू कुठे? वाळूत?”

“येऊ दे ना त्याला. अनसूयाबाई म्हणाली ना, येतं. समोरून येईल, कातळाला लागेल. तू इथूनच ओत. मग निघू.”

आणि काकाजी खाली उतरले, चप्पल पायांतून काढली आणि त्या कपारीत ठेवली. टाचा समुद्राकडे करून. मग कालवं चुकवत, पाय जपत वर आले.

“तिला पाणी लागलं की समज,” ते म्हणाले. “ओतायचं आणि परत.”

दोघांनी छत्रीखाली बसून पुऱ्या खाल्ल्या. काकाजी बोलत होते. घाटाचं, भेडाघाटच्या भोवऱ्यांचं, पहिल्यांदा बापाने पाण्यात फेकलं त्याचं. काकू ऐकत होती आणि चपलेकडे बघत होती. समोर पाणी हळूहळू येत होतं, अगदी सभ्यपणे. चप्पल कोरडी होती. एक वाजला. चप्पल कोरडीच.

पाठ अवघडली म्हणून काकू वळली.

“अहो.”

“काय?”

“आपण आलो कुठून?”

मागे वाळू नव्हती. किनारा आणि कातळ यांच्यामध्ये जी सखल जागा होती, ज्यातून ते घोटाभर पाण्यात छपछप करत आले होते, तिथे खाडीचं तोंड होतं. पाणी आधी तिथे भरलं होतं. हिरवट, जाड, आवाज न करता एका बाजूला सरकणारं पाणी. मधे कुठेतरी एक वाळकी झावळी वाहत होती. बघता बघता ती नजरेआड झाली.

समोर कपारीत चप्पल अजून कोरडी होती.

काकाजी उभे राहिले. त्यांनी चपलेकडे पाहिलं, मागे पाहिलं, परत चपलेकडे पाहिलं. “पाठीमागून?” ते म्हणाले. एखाद्या ओळखीच्या माणसाने फसवल्यावर म्हणतात तसं. “पाठीमागून काहून?”

मग ते अनवाणीच उतरले, कालवांवरून, खोली बघायला. छातीपर्यंत गेले आणि धार त्यांना ओढायला लागली तसे खडकाला धरून परत आले. दोन्ही तळवे कापले होते. रक्त काळ्या दगडावर उमटत होतं.

“पाठीवर बस,” ते म्हणाले. “नेतो.”

“मला? सत्तर किलो आहे मी.”

“शर्मा मास्तर नव्वद होते, तरी काढले ना धारेतून. चल.”

“मला नाही यायचं.”

“भामा, पाणी वाढून राहिलं!”

“दिसून राहिलं मला.”

“मग मी जातो. तिरपा जातो, खाली कुठेतरी लागतो, होडी घेऊन येतो. तू इथे थांब.”

“खाली कुठे?” काकू म्हणाली. “बघा ना. खाली काय आहे?”

काकाजींनी पाहिलं. ज्या दिशेला झावळी गेली होती तिकडे किनारा वळून संपत होता. टेकडीचं एक टोक, आणि त्यानंतर काही नाही. नर्मदेला दोन काठ असतात. माणूस कसाही वाहिला तरी कुठलातरी एक येतो.

तरी ते शर्टाची बटणं काढायला लागले. काकू सांगते, त्यांचा चेहरा तिला तेव्हा ओळखू येईना. घाबरलेला नव्हता तो. त्यांना जायचंच होतं. दोन वर्षं ते ज्याची वाट बघत होते ते त्यांना मिळालं होतं. बारावा परत आला होता, ह्या वेळी बायकोच्या रूपात, आणि ह्या वेळी ते त्याला वाचवणार होते, नाहीतर त्याच्यामागे जाणार होते. दोन्ही त्यांना चालणार होतं.

काकूने त्यांचा शर्ट मुठीत धरला.

“बसा,” ती म्हणाली. “पाणी वर येत नाही.”

“कोण म्हणतं?”

“अनसूयाबाई म्हणाली.”

“काय म्हणाली?”

आणि काकूच्या नजरेसमोर तो पांढरा पट्टा होता.

“ती कालवं दिसतात ना? ती जिथवर आहेत तिथवरच पाणी येतं. वर नाही. म्हणून तर वरचा दगड काळा आहे. इथले लोक त्यावरूनच ओळखतात.”

अनसूयाबाई असं काही म्हणाली नव्हती. कोणीच म्हणालं नव्हतं. कातळ बुडतो की नाही, काकूला माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की हा माणूस पाण्यात गेला तर येणार नाही.

काकाजी वाकून रेघ बघायला लागले. कापलेल्या पायांवर उकिडवे बसून, लेथवरचा जॉब तपासावा तसे. “हां,” ते हळूच म्हणाले. “बरोबर आहे. आपल्या घाटावर नाही का शेवाळ? जिथवर पाणी राहतं तिथवर शेवाळ.” ते खाली बसले. “आधी सांगायचं ना, बाप्पा.”

“तुम्ही विचारलं कुठे?”

मग वाट बघणं सुरू झालं. काकूने छत्री उघडून हलवली, ओरडून पाहिलं. किनाऱ्यावर फक्त माड होते. पाणी आता चारही बाजूंना होतं आणि सगळीकडून सारखंच वाढत होतं. केव्हातरी कपार बुडाली. एक चप्पल वर आली, कातळाभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि झावळीच्या वाटेने गेली.

“बोला काहीतरी,” काकू म्हणाली.

“काय बोलू?”

“शशिकांतचं सांगा.”

दोन वर्षांत त्याचं नाव त्या घरात कोणी घेतलं नव्हतं. काकाजींनी तिच्याकडे पाहिलं. पाण्याकडे पाहिलं. कालवांचा पट्टा आता वीतभर उरला होता.

“पोचलो होतो मी त्याच्यापर्यंत,” ते म्हणाले. “लोकांना वाटतं उशीर झाला. उशीर नाही झाला. शर्ट धरला त्याचा, इथे, पाठीमागून. त्याने हात वर केले. बस्स. हात वर केले आणि शर्ट निघून आला माझ्या हातात. पिवळा. मी शर्ट धरूनच पोहत आलो, भामा. काठावर आल्यावर पाहिलं.”

“मग?”

“मग काय? शर्ट होता.”

काकूने त्यांच्या उघड्या बटणांकडे पाहिलं आणि एकेक करून ती लावली. वरपासून खालपर्यंत. त्यांनी लावू दिली.

साडेचार वाजता काकाजी म्हणाले, “भामा. रेघ बुडाली.”

“चार बोटं वर येतं म्हणाली. लाटेचं.”

“आता तर सहा झाली.”

“चारच आहेत. तुमची बोटं बारीक आहेत.”

ते हसले. खरंच हसले, आणि काकूला त्या हसण्याची जितकी भीती वाटली तितकी पाण्याची वाटली नाही. त्यांनी विश्वास ठेवला होता. पूर्ण. रेघेचं बनवलेलं आहे हे त्या कातळावर तिला एकटीलाच ठाऊक होतं. तहान लागली तेव्हा तिने गडूची लाख फोडली आणि समुद्राला द्यायला आणलेलं पाणी दोघांनी घोट घोट पिऊन टाकलं. मग लाटा कडेवर चढल्या, मांडी घालून बसता येईना, म्हणून उभे राहिले, पाठीला पाठ लावून, कारण शेजारी शेजारी उभं राहायला जागा पुरत नव्हती. एक लाट आली आणि काकूच्या पायाच्या बोटांवरून गेली.

“ही लाट आहे,” काकू म्हणाली. “पाणी नाही.”

“मला माहीत आहे,” काकाजी म्हणाले.

सहाच्या सुमारास ते थांबलं. कमी झालं नाही, नुसतं थांबलं. सूर्य पाण्यात उतरत होता आणि टेकडीच्या टोकावरून एक होडी येत होती. अनसूयाबाई बाजारातून परतली होती, खोली उघडी आणि माणसं नाहीत हे बघून तिने दिराला पाठवलं होतं.

त्या रात्री काकाजी तापाने फणफणले. पायांना हळद बांधून त्यांना झोपवल्यावर काकू चुलीपाशी जाऊन बसली. अनसूयाबाई तिच्यावर ओरडली नाही. पेजेचा वाडगा पुढे सरकवला आणि म्हणाली, “नशीब तुमचं, आज अष्टमी. अष्टमीला पाणी मरतुकडं असतं. अमावास्या-पुनवेला त्या कातळावरून होडी जाते हो, वरून. खाली दगड आहे हे कळतही नाही.”

काकूने पेज खाल्ली. ते वाक्य तिने आत खोलीत नेलं नाही.

जबलपूरला आल्यावर दुसऱ्याच रविवारी काकाजी कमानिया गेटपाशी जाऊन नवी चप्पल घेऊन आले. निळ्या पट्ट्यांचीच. थेट घाटावर गेले, पायरीवर ठेवली आणि पाण्यात उतरले. नावाड्यांनी आरडाओरडा केला. “काकाजी, समंदर कैसा था?”

“समंदर को पढ़ना पड़ता है, भैया,” काकाजी म्हणाले. “पत्थर पे लिखा रहता है.”

मग ते कालवांच्या रेघेची गोष्ट सांगायचे. घाटावर सांगायचे, कॅन्टीनमध्ये सांगायचे, सराफ्यात कोणी ओळखीचं भेटलं तर तिथे उभ्या उभ्या सांगायचे. सुरुवातीला गोष्टीत ‘भामा म्हणाली’ असं होतं. होळीपर्यंत ‘आम्हाला कळलं’ झालं. पावसाळ्यात ‘मी पाहिलं’ झालं. शेवटचं वाक्य मात्र कायम तेच: “नेली तशी आणली.” ते पोहत होते, जेवत होते, शीळ घालत होते. काकूला जे हवं होतं ते मिळालं होतं. मी एकदा म्हटलं, “काकू, समुद्राने काकाजींना बरं केलं.” ती पोळी लाटत होती. म्हणाली, “हाव.” आणि पोळी फाटली.

ऑक्टोबरमध्ये चिंतामणी आला. काकाजींच्याच शॉपमधला, हाताखाली शिकलेला. बरोबर बायको आणि म्हातारी आई. मी तिथेच होते, काकूला चकल्या पाडून देत होते.

“काकाजी, तुमच्या माडबंदरला चाललो,” चिंतामणी म्हणाला. “दिवाळीची सुट्टी जोडून मिळून राहिली. आईला समुद्र पाहायचा आहे. लक्ष्मीपूजन तिथेच.”

“वा! कातळावर जा. नक्की जा.” काकाजींनी जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर कातळ काढला. चांगला काढला होता. मधून आडवी रेघ मारली. “ही कालवांची रेघ. पाणी पाठीमागून येतं, लक्षात ठेव. आलं तरी घाबरायचं नाही, उडी मारायची नाही. रेघेच्या वर आईंना बसवायचं आणि आरामात बसायचं. चार-सहा बोटं वर येतं. मग थांबतं.”

“मला हो कोण चढवणार?” म्हातारी हसली.

“मी तर सत्तर किलो चढवले, आजी!”

काकूच्या हातातला झारा कढईवर तसाच राहिला. चकल्या काळ्या पडायला लागल्या. लक्ष्मीपूजन. अमावास्या. मी तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग तिने गॅस बंद केला.

“ते खोटं आहे,” ती दारात येऊन म्हणाली.

“काय खोटं?”

“रेघेचं. कोणी सांगितलं नव्हतं मला. मी बनवलं.”

चिंतामणी हसला. “काकू मजाक करून राहिल्या.”

“मजाक नाही, बेटा. अष्टमी होती म्हणून वाचलो. अमावास्येला त्या दगडावरून होडी जाते. अनसूयाबाईने नंतर सांगितलं, हे झोपले होते तेव्हा. तुम्ही तिकडे जाऊ नका. वाळूवर बसा. आईंना वाळूवरून दाखवा.”

चिंतामणीने ते पान दुमडलं, उघडलं आणि हळूच टीपॉयवर ठेवून दिलं. (ते गेले माडबंदरला. समुद्र वाळूवरूनच पाहून आले.) काकाजी चित्राकडे बघत होते. मग उठले, पलंगाखालून चप्पल काढली आणि बाहेर पडले. सायकलचा आवाज आला.

“लूना काढ,” काकू मला म्हणाली. हातही धुतले नव्हते तिने.

रांझीहून ग्वारीघाट म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं. पूर्ण रस्ताभर ती माझ्या खांद्याला धरून बसली होती. आम्ही पोचलो तेव्हा आरती संपून लोक पांगत होते. शेवटच्या पायरीवर निळी चप्पल होती. टाचा नदीकडे. काकाजी पाण्यात होते, गळ्यापर्यंत, पाठ आमच्याकडे.

“अहो,” काकूने हाक मारली.

ते वळले नाहीत.

“अहो, मी पायरी उतरून राहिली. गुडघे दुखतात माझे.”

ती खरंच उतरत होती. एक पायरी पाण्यात, मग दुसरी, साडी फुगून भोवती तरंगायला लागली. तिसरीवर काकाजींनी मागे पाहिलं, चार हात मारून आले आणि दंडाला धरून तिला वर बसवलं. जोरात, जवळजवळ आपटलंच. मग स्वतः शेजारी बसले. मी वरच्या पायरीवर होते. मला सगळं ऐकू येत होतं.

दोघांच्या कपड्यांतून पाणी निथळत होतं.

“आलं असतं वर तर?” काकाजी म्हणाले.

“आलं असतं.”

“मग?”

“दोघं असतो ना.”

“मी उडी मारली असती तर पोचलो असतो?”

“नाही.”

काकाजी हसले, पण ते त्या कातळावरचं हसू नव्हतं. “तुला काय माहीत? का हेही बनवलेलंच?”

अंधारून येत होतं. द्रोणातले दिवे पुढे पुढे गेले होते. जरा जास्तच वेगाने, मला वाटलं. वारा शहराकडून नदीकडे वाहत होता. भोंगा वगैरे काही ऐकू आलं नाही.

“चप्पल भिजली,” काकू म्हणाली.

तीस वर्षं त्या घाटावर हे दोन शब्द ऐकल्यावर कोणी खाली पाहिलं नव्हतं. काकाजी वाकले, आणि चपलेला हात लावून पाहिला.